साधी चप्पल आणि 'क्लिपलेस' पेडल : जवळच्या फेरीआधी एवढे पाहा

पाटस : एखाद्या रविवारी सकाळी पाटसच्या फाट्यावर चहाच्या टपरीसमोर थोडा वेळ थांबावे. पुण्याच्या दिशेने चार-पाच सायकली येतात, रस्त्याच्या कडेला थांबतात आणि 'खट्' असा आवाज करीत एकेक पाय पेडलवरून मोकळा होतो. मग फरशीवर टक् टक् वाजवीत, टाचेवर भार देत, काहीशा बदकाच्या चालीने मंडळी बाकापर्यंत पोचतात. टपरीवर बसलेल्यांच्या नजरा आधी सायकलीकडे आणि मग त्या चमत्कारिक बुटांकडे वळतात. पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या या गावाला आता हे दृश्य नवे राहिलेले नाही.

या बुटांच्या तळाला धातूचा किंवा कडक प्लॅस्टिकचा एक खिळा बसवलेला असतो. त्याला 'क्लीट' म्हणतात. हा क्लीट पेडलमधील स्प्रिंगच्या चापात अडकतो आणि पाय पेडलशी जोडला जातो. टाच बाहेरच्या बाजूला वळवली, की पाय सुटतो. लांब पल्ल्याच्या स्वाराला ही सोय आवडते. मात्र, हीच सायकल संध्याकाळी दूध, भाजी किंवा औषध आणण्यासाठी काढायची झाली तर काय? पाच मिनिटांच्या कामासाठी ते बूट चढवायचे, की पायात असलेली चप्पल घालूनच निघायचे? बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात. त्यात धोका किती आणि तो टाळता कसा येतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पाय निसटला तो क्षण

गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत प्रतिनिधी पाटस येथे नातेवाइकांकडे मुक्कामाला होता. पुण्याहून सायकलनेच आला होता. संध्याकाळी घरातील आजींचे औषध संपल्याचे लक्षात आले. दुकान अर्ध्या किलोमीटरवर. दारातली रबरी चप्पल पायात सरकवली आणि सायकल काढली. जाताना काही झाले नाही. परतताना रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो, वाट मोकळी दिसताच डाव्या पेडलवर जोर दिला आणि चप्पल पेडलवरून सटकली. पेडल गरकन फिरून नडगीवर आदळले, शरीर सीटवरून पुढच्या दांडीवर आले आणि सायकल रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर येत होता. चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून प्रकरण नडगीच्या जखमेवर निभावले.

सायकलचा वेग तेव्हा जेमतेम चालण्याइतका होता. पुण्याहून साठ-पासष्ट किलोमीटर बूट घालून आलेला माणूस अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत पडता पडता वाचला. चूक ना सायकलची होती, ना चालकाची. चप्पल आणि पेडल यांचा मेळ बसत नाही, हे माहीत असूनही त्याकडे दुर्लक्ष केल्याचा तो परिणाम होता.

नावातील गोंधळ

पाय अडकवणाऱ्या पेडलला 'क्लिपलेस', म्हणजे 'क्लिप नसलेले', असे का म्हणतात, हा प्रश्न नवख्या ग्राहकाला हमखास पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलला पुढच्या बाजूने लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा असे. त्याला 'टो-क्लिप' म्हणत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची जुनी छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा पिंजरा आठवेल. नव्या पेडलमध्ये हा पिंजरा राहिला नाही, म्हणून ते 'क्लिपलेस'.

पाय पेडलला जोडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स हॅन्सन याने १८९५ मध्येच अशा पेडलचे पेटंट घेतले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या सिनेली कंपनीने 'एम-७१' हे पेडल आणले. त्यातून पाय सोडवण्यासाठी मात्र खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागे. खरी क्रांती झाली ती १९८४ मध्ये. बर्फावर घसरण्याच्या स्कीचे बंध तयार करणाऱ्या 'लुक' या फ्रेंच कंपनीने तेच तंत्र पेडलमध्ये आणले. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो याने ही पेडले वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली आणि टो-क्लिपचे दिवस भरले.

१९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने 'एसपीडी' ही पद्धत बाजारात आणली. डोंगरी सायकल चालवणाऱ्याला मध्येच उतरून चालावे लागते, हे लक्षात घेऊन या पद्धतीत क्लीट लहान ठेवण्यात आला आणि तो बुटाच्या तळातील खाचेत बसवण्यात आला. त्यामुळे चालताना क्लीट जमिनीला फारसा लागत नाही. आज रोजच्या वापरासाठी क्लिपलेस पेडलचा विचार करणाऱ्यांना बहुधा हीच पद्धत सुचवली जाते, ती याच कारणासाठी.

सगळी पेडले सारखी नसतात

साध्या बुटांचा प्रश्न किती गंभीर, हे सायकलला कोणते पेडल आहे यावर ठरते. ढोबळमानाने चार प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार रस्त्यावरील शर्यतीच्या पेडलचा. यात 'लुक' आणि शिमानोची 'एसपीडी-एसएल' ही पेडले येतात. त्यांचा मोठा क्लीट तीन स्क्रूंनी बसतो. पेडलची एकच बाजू कामाची असते. पाय नसताना मागचा भाग जड असल्याने ते खाली लोंबकळते. साधा बूट घालून त्यावर पाय ठेवला, तर बऱ्याचदा पेडलची गुळगुळीत पाठच तळव्याखाली येते. तेथे पकडीसाठी काहीही नसते.

दुसरा प्रकार दोन्ही बाजूंना चाप असलेल्या एसपीडी पेडलचा. पाय कसाही ठेवला तरी चापच पायाखाली येतो. त्याचा आकार लहान आणि मधला भाग उंच असतो. त्यामुळे पाय पेडलवर पसरून टेकत नाही, एका उंचवट्यावर तोलला जातो.

तिसरा प्रकार 'एगबीटर'सारख्या पेडलचा. अंडी फेटण्याच्या यंत्राप्रमाणे केवळ तारांचे वळसे असलेल्या या पेडलला सपाट जागाच नसते. साध्या बुटांसाठी हा प्रकार सर्वांत गैरसोयीचा.

चौथा प्रकार दुहेरी पेडलचा. याच्या एका बाजूला चाप आणि दुसऱ्या बाजूला साधे सपाट पेडल असते. शिमानोची 'एम-३२४' आणि 'ईएच-५००' ही त्याची परिचित उदाहरणे. छोट्या फेरीचा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्यांच्यासाठी मुळातच तयार केलेला हा प्रकार आहे.

घसरण्यामागील कारण

सपाट पेडलवर तळव्याचा चवडा रुंद जागेवर टेकतो. कडेच्या दातेरी पट्ट्या किंवा रबरी ठोकळे बुटाच्या तळाला धरून ठेवतात. क्लिपलेस पेडलवर मात्र तोच भार दोन-तीन बोटे रुंद धातूवर येतो. तळ मऊ असेल, तर तो त्या धातूभोवती वाकतो. थोड्याच अंतरात तळव्याला रग लागते. तळ कडक आणि गुळगुळीत असेल, तर तो घसरतो. पावसात भिजलेल्या धातूवर ही शक्यता आणखी वाढते.

पाय निसटण्याचे प्रसंगही ठरलेले असतात. सायकल सुरू करताना शरीराचा जवळजवळ सगळा भार एका पेडलवर येतो. चढावर उभे राहून पेडल मारतानाही तसेच घडते. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना पाय क्षणभर हलका होतो आणि परत टेकताना जागा चुकते. नेमके हेच प्रसंग गावात आणि शहरात पावलोपावली येतात. महामार्गावर तासन्‌तास एका लयीत पेडल मारणाऱ्याला ते क्वचितच भेटतात. म्हणून अंतर कमी म्हणजे धोका कमी, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

पाटससारख्या ठिकाणी यात स्थानिक कारणांची भर पडते. गाव महामार्गावर आहे. बारामतीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने रोटी घाटाकडे वळते. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे गळिताच्या हंगामात उसाच्या वाहनांची वर्दळ या परिसराच्या ओळखीची आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरची काळी माती बुटाला चिकटते आणि बुटावरून पेडलवर येते. चिखलाने भरलेल्या एसपीडीच्या चापात क्लीटही नीट बसत नाही. मग साध्या चपलेचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. साध्या पेडलच्या पुढे-मागे पिवळे परावर्तक असतात. दिव्याच्या उजेडात ते वर-खाली हलताना दिसतात आणि मागच्या चालकाला सायकल ओळखू येते. बहुतेक क्लिपलेस पेडलांना ते नसतात. संध्याकाळच्या फेरीसाठी मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा लावणे त्यामुळे अधिकच गरजेचे ठरते.

कोणते पादत्राण चालेल?

सायकल तीच आणि पेडल तेच ठेवून निघण्यावाचून पर्याय नसेल, तर पादत्राण विचारपूर्वक निवडावे. पातळ रबरी चप्पल सर्वांत वाईट. ती पेडलवरही सरकते आणि पायातूनही. उंच टाचेचे सँडल आणि चामडी तळाचे गुळगुळीत बूटही टाळावेत. धावण्याच्या बुटांचा तळ जाड असला तरी मऊ असतो. त्यामुळे एक-दोन किलोमीटरपुरते ते ठीक. त्यापुढे तळवा तक्रार करू लागतो. सपाट, रबरी आणि थोड्या ताठ तळाचे कॅनव्हासचे बूट किंवा मागून पट्टा असलेले मजबूत सँडल त्या मानाने बरे.

पाय ठेवतानाही काळजी घ्यावी. चवडा पेडलच्या मध्यावर यावा. तळ फार मऊ असेल, तर पाय किंचित पुढे सरकवून पेडल तळव्याच्या मध्याजवळ आणावे. निघण्यापूर्वी गिअर हलका करावा, म्हणजे पहिल्याच पेडलला जोर लावावा लागत नाही. सीटवरून उठून पेडल मारू नये. एका बाजूचे पेडल असेल, तर त्याची योग्य बाजू वर आहे ना, हे रहदारीत शिरण्यापूर्वी पाहावे. चौकाच्या मधोमध खाली पाहत पेडल शोधणे धोक्याचे असते. बुटाच्या नाड्या आत खोचाव्यात. सलवार, साडी किंवा सैल पायजमा साखळीपासून दूर राहील, याची खबरदारी घ्यावी.

हे सारे उपाय वेळ मारून नेण्यापुरते आहेत. आठवड्यातून चार वेळा अशी फेरी होत असेल, तर कायमची तजवीज करणे शहाणपणाचे.

कायमचे चार मार्ग

पहिला मार्ग चापात बसणाऱ्या सपाट पट्टीचा. एसपीडी पेडलच्या चापात क्लीटप्रमाणे अडकणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते. शिमानोच्या 'एसएम-पीडी२२' या पट्टीला परावर्तकही असतात. ती बसवायला आणि काढायला अवजार लागत नाही. मात्र, ती ज्या पद्धतीच्या पेडलसाठी बनवली आहे, त्यावरच बसते. 'लुक' किंवा 'एसपीडी-एसएल'साठी वेगळी घ्यावी लागते. चापाची स्प्रिंग फार सैल असेल, तर खड्ड्यात ही पट्टी निखळू शकते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग दुहेरी पेडलचा. रविवारी बूट घालून चापाची बाजू वापरावी आणि एरवी चप्पल घालून सपाट बाजू. प्रत्येक वेळी हवी ती बाजू वर आणावी लागते, एवढाच त्रास. ही सवय आठवड्याभरात अंगवळणी पडते.

तिसरा मार्ग बुटाचा. एसपीडीचे बूट आता साध्या बुटांसारखे दिसणारे आणि क्लीट खाचेत लपलेले असेही मिळतात. ते घालून दुकानात, बँकेत किंवा कार्यालयात सहज वावरता येते. ज्यांना बूट बदलण्याचाच कंटाळा आहे, त्यांना हा पर्याय सोयीचा.

चौथा मार्ग सर्वांत साधा आणि अनेकदा सर्वांत योग्य. तो म्हणजे चांगली, रुंद, दातेरी सपाट पेडले बसवून क्लिपलेसचा नाद सोडणे. हे ऐकून अनेक हौशी स्वारांचा चेहरा पडतो. वेग कमी होईल, ही त्यांची भीती. मात्र, प्रयोगशाळेतील अभ्यास या भीतीला फारसा आधार देत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम जोराने सायकल चालवताना सपाट आणि क्लिपलेस पेडलमध्ये शरीराच्या ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००७ मधील एका अभ्यासात पेडल जाणीवपूर्वक वर ओढण्याची पद्धत कमी कार्यक्षम ठरली होती. क्लिपलेसचा फायदा असतो तो जोरदार धावेत, खडबडीत रस्त्यावर पाय जागेवर राहण्यात आणि तासन्‌तास पायाची एकच स्थिती टिकवण्यात. शर्यतीत हे सारे मोलाचे असते. भाजी आणताना त्याचा उपयोग नसतो.

पेडल बदलताना

पेडल बदलणे घरच्या घरी जमते. एक गोष्ट मात्र माहीत हवी. उजव्या पेडलचे आटे नेहमीप्रमाणे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात. हे न कळल्याने डावे पेडल 'सोडवताना' लोक ते आणखी आवळतात आणि क्रँकचे आटे खराब करून बसतात. सोपा नियम असा : पाना पेडलच्या आसावर उभा लावावा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढावा. दोन्ही बाजूंना याच दिशेने पेडल सुटते आणि पुढच्या चाकाकडे ढकलल्यावर घट्ट होते. पेडलवर 'एल' आणि 'आर' अशी खूण असते. ती पाहूनच बसवावे. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवावेत. तिरके बसलेले पेडल क्रँक कायमचे निकामी करते. साधारणपणे १५ मिलिमीटरचा पाना लागतो. काही पेडलांना आतून सहा किंवा आठ मिलिमीटरची एल-की लागते.

पहिल्यांदाच क्लिपलेस वापरणाऱ्यांनी चापाची स्प्रिंग सैल ठेवावी आणि भिंतीला हात टेकून पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करावा. एसपीडीमध्ये पाय एकाहून अधिक दिशांनी सुटणारा 'एसएच-५६' हा क्लीटही मिळतो. थांबताना पाय न सुटल्याने जागच्या जागी आडवे होण्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येकावर एकदा येतो. तो रस्त्यावर येण्यापेक्षा अंगणात आलेला बरा.

लांब पल्ल्याच्या स्वारांकडून धडा

या प्रश्नावर लांब पल्ल्याच्या स्वारांनी केव्हाच तोडगा काढला आहे. 'ब्रेव्हे' या उपक्रमात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर अंतर ४० तासांत पूर्ण करायचे असते. वाटेत नियंत्रण केंद्रांवर थांबायचे, जेवायचे, पाणी भरायचे आणि पंक्चर काढायचे. पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाणाऱ्या गटांनाही चहापासून दर्शनापर्यंत अनेकदा सायकलवरून उतरावे लागते. चालता येणार नाही असा बूट अशा प्रवासात अडचणीचाच ठरतो. म्हणून यातील अनेक जण शर्यतीच्या मोठ्या क्लीटऐवजी एसपीडी निवडतात. काही जण साधी सपाट पेडले आणि सँडल यांवरच समाधान मानतात. वेगाच्या नोंदीपेक्षा दिवसभर सायकलवरून सहज उतरता-चढता येणे त्यांना महत्त्वाचे वाटते.

पुणे कधीकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या सायकलीचे मोठेपण तिच्या वेगात नव्हते. धोतर नेसलेला शिक्षक, खाकी विजार घातलेला कामगार आणि दप्तर अडकवलेली विद्यार्थिनी पायात जे असेल ते घालून तिच्यावर बसत असत. आज महागडी सायकल दिवाणखान्यात उभी राहते आणि अर्ध्या किलोमीटरसाठी स्कूटर काढली जाते. कारण विचारले, तर 'बूट बदलायचा कंटाळा' हेच उत्तर मिळते. कंटाळ्यापोटी सायकल सोडणे आणि कंटाळ्यापोटी चप्पल घालून निघणे, या दोन्हींवर उपाय एकच आहे : सायकलचा खरा उपयोग ओळखून त्याप्रमाणे पेडल निवडणे.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या सायकलला आता दुहेरी पेडले आहेत. पाटसच्या त्या दुकानात पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा पायात चप्पलच होती. मात्र, ती मागून पट्टा असलेली होती आणि पेडलची सपाट बाजू वर होती. रस्ता ओलांडण्यापूर्वी सायकल थांबवली, उसाची वाहने जाऊ दिली आणि मगच पेडलवर पाय ठेवला. आजींचे औषध वेळेवर घरी पोचले.